सिस्टरबाईंचं मागच्या तोंडाचं भांडं

लग्नाच्या पंगतीत कुणी "काय काम करता?" विचारलं की मी "पाइपाचं" एवढंच सांगतो. समोरच्याला वाटतं, शेतात ठिबक बसवत असेल. मग आमची मंडळी शेजारून खरं काय ते सांगून टाकते, "संडास बसवतात." ताटावरची माणसं आपापल्या ताटात बघायला लागतात. जेवणं उरकल्यावर मात्र त्यातलाच एखादा हात पुसत मला कोपऱ्यात गाठतो आणि दबक्या आवाजात म्हणतो, "मिस्त्री, आमच्या वरच्या संडासाचं पाणी लवकर उतरत न्हाई हो." सल्ला न देता परत आलो असं लग्न मला आठवत नाही.

मी मूळचा लोह्याकडचा. नांदेडात भाड्याच्या खोलीत राहून काम शिकलो आणि पुढं विष्णुपुरीपासून लातूरपर्यंत जिथून बोलावणं आलं तिथं पिशवी घेऊन गेलो. आता गुडघे बोलतात म्हणून काम कमी केलंय. या अंकासाठी चार अनुभव लिहा असा निरोप आला. चार लिहायला बसलो आणि एकाच कामावर अडकलो. तेच सांगतो.

त्याआधी धंद्यातली एक गोष्ट समजून घ्या. कमोडचं भांडं वरून सगळं सारखंच दिसतं. फरक तोंडात. काही भांड्यांचं बाहेर पडायचं तोंड खाली, फरशीकडे असतं. काहींचं मागं, भिंतीकडे. खाली जमिनीवर बांधकाम असेल तर कुठलंही चालतं. वरच्या मजल्यावर खालच्या तोंडाचं भांडं बसवायचं म्हणजे बहुतेक वेळा स्लॅबला भोक पाडावं लागतं आणि चार इंची पाइप खालच्या खोलीच्या छतातून बाहेर येतो. मागच्या तोंडाच्या भांड्याला स्लॅब फोडावा लागत नाही. पाइप भिंतीतून सरळ घराबाहेर.

तरुणपणी मला हे कुणी नीट सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. नांदेडात कितीतरी स्लॅब मी धडाधड फोडले. एका घरात वरच्या पाइपाचा सांधा झिरपला आणि खालच्या बाईंच्या कपाटात ओल उतरली. त्यांनी मला बोलावून घेतलं. लग्नातला शालू कपाटातून काढला, माझ्यासमोर पलंगावर पसरला आणि स्वयंपाकघरात निघून गेल्या. शालूवर ताटाएवढा पिवळा डाग होता. तो सांधा माझ्या हातचा. त्या दिवसापासून वरच्या मजल्याचं काम आलं की मी आधी खाली कोण राहतं ते विचारतो.

सिस्टरबाईंचा फोन आला तो चाकूरहून.

कांबळे सिस्टर म्हणजे आमच्या भागातल्या जुन्या नर्सबाई. नोकरीला लागल्या तेव्हा लोह्याकडे होत्या. माझी थोरली मुलगी त्यांच्याच हातची. पायवाटेनं चिखल तुडवत आल्या होत्या, चप्पल हातात घेऊन. पुढं बदली होऊन चाकूरला गेल्या, तिथंच घर बांधलं, तिथंच रिटायर झाल्या. यजमान वारले, मुलगा पुण्याला. बाई वरच्या मजल्यावर एकट्या राहायच्या.

"माधव, माझ्याकडं एक भांडं आलंय," त्या फोनवर म्हणाल्या, "आणि दोन मिस्त्री येऊन गेले, दोघंबी म्हणतात माल चुकीचा हाय, वापस करा. भोक खाली पायजे, हे मागं हाय म्हणतात."

"खाली कोण राहतं, बाई?"

"खाली चंद्रकलाची खानावळ हाय."

मी म्हणालो, "भांडं वापस करू नका. मी येतो."

गेलो तेव्हा सगळा पेच कळला. बाईंच्या दोन्ही गुडघ्यांचं ऑपरेशन लातूरला ठरलं होतं. संडास खाली मागच्या बोळात, उकिडवं बसायचा. वरून खाली यायला बाहेरच्या अंगानं एकोणीस उभ्या पायऱ्या. ऑपरेशननंतर पायऱ्याही जमणार नव्हत्या आणि उकिडवं बसणंही. मुलगा प्रशांत म्हणत होता की आता पुण्याला चला, घर विकून टाकू. बाईंनी त्याला सांगितलं होतं, वर संडास झाला तर मी इथंच राहीन, न्हाई झाला तर तू म्हणशील तसं. तो पुढच्या रविवारी गाडी घेऊन येणार होता. माझ्या हातात नऊ दिवस होते.

"तीस वर्षं गावोगाव फिरून लोकांना सांगितलं, संडास बांधा, संडास बांधा," बाई म्हणाल्या. "आता संडासापायी मलाच गाव सोडायची पाळी आली बघ."

हसून म्हणाल्या, पण हात गुडघ्यावरच होता.

तेवढ्यात जिन्यात पावलं वाजली आणि खानावळीच्या चंद्रकलामावशी वर आल्या. हाताला पीठ, पदर खोचलेला. सिस्टरबाईंच्या त्या बारा वर्षांच्या भाडेकरू. त्यांनी मला पायापासून डोक्यापर्यंत बघितलं.

"तुमीच का ते नवीन मिस्त्री? आधीच सांगून ठेवते. त्या दुसऱ्यानं माझ्या चुलीवर खडूनं गोल काढला होता वर छताला. हितून पाइप येणार म्हणाला. माझ्या तव्याच्या वर! माणसं भाकर खातील का वर बघतील?"

"मावशी, तुमच्या छताला मी खिळासुद्धा मारणार नाही."

"मग पाइप कुटून नेणार? हवेतून?"

"हाव. हवेतूनच."

मी त्यांना भांड्यामागं बसवून तोंड दाखवलं. वरची नहाणी घराच्या मागच्या भिंतीला लागून होती. भिंतीपलीकडे बोळ, आणि बोळाच्या टोकाला जुन्या संडासाचं चेंबर आणि टाकी. भिंतीला भोक पाडायचं, पाइप बाहेर काढायचा, भिंतीच्या अंगानं खाली उतरवायचा आणि चेंबरला जोडायचा. देवानं ते भांडं त्या घरासाठीच घडवलं होतं म्हणा ना. मावशींनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "माझी खिडकी बोळात उघडते."

खरंच उघडत होती. भोकाच्या नेमकी खाली.

म्हणून पाइप सरळ खाली न सोडता आधी चार फूट आडवा न्यायचं ठरलं, खिडकीपासून दूर. आडव्या पाइपात सगळं शहाणपण उताराचं. उतार कमी दिला तर मैला पुढं सरकत नाही. आणि लोकांना वाटतं जास्त दिला तर बरं, तर तसंही नाही. फार तीव्र उतार असला की पाणी पुढं पळून जातं आणि बाकीचं मागं कोरडं बसतं. फुटाला पाव इंच. पाणी आणि मैला एकमेकांचा हात धरून चालले पाहिजेत.

गवंडीकाम गफूरभाईंचं. आम्ही दोघांनी मिळून किती भिंती फोडल्या त्याची गणती नाही. माणूस हाताला सोनं, पण स्वभाव घाईचा. पहिल्या दिवशी मी फरशीपासून सव्वासात इंचावर खूण केली, गफूरभाईंनी भोक पाडलं, संध्याकाळपर्यंत बोळातला उभा पाइप क्लॅम्पवर चढला. त्याचं वरचं टोक मी गच्चीच्याही वर नेऊन उघडं ठेवलं, डोक्यावर जाळीची टोपी घातली. मावशींनी विचारलं, वर कोण जाणार हाय? म्हटलं, वास जाणार आहे. पाइपाला वरून श्वास घेता आला नाही तर पाणी खाली जाताना भांड्यातलं पाणीही ओढून नेतं, आणि मग वास घरात. "मंजे त्यालाबी नाक लागतंय," मावशी म्हणाल्या. इतकं सोपं करून मला आजवर सांगता आलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मला नांदेडला जावं लागलं, अर्धवट राहिलेल्या एका कामावर. चार दिवसांनी परत आलो. त्या चार दिवसांत नहाणीची जुनी शहाबादी फरशी काढून नवीन खरबरीत टाइल्स बसल्या होत्या. प्रशांतनं फोनवर सांगितलं होतं, आईचा पाय घसरायला नको. गफूरभाईंनी काम सुरेख केलं होतं. मी खूश होऊन भांडं उचललं, भिंतीला नेऊन टेकवलं आणि वाकून बघितलं.

भांड्याचं तोंड विटेकडे बघत होतं. भोक त्याच्या दीड इंच वर होतं.

शहाबादीच्या खाली मुरूम आणि चुन्याचा जाड थर होता. तो निघाला, नवीन फरशी पातळ थरावर बसली आणि जमीन खाली गेली. मी माप जुन्या फरशीपासून घेतलं होतं. फरशी बदलणार का, हे विचारलंच नव्हतं. शिकाऊ माणसाला मी पहिल्या दिवशी सांगतो, माप तयार फरशीपासून घ्यायचं. आणि मीच चुकलो होतो. शुक्रवार होता.

गफूरभाईंनी बघितलं आणि खांदे उडवले. "इतकं कायको परेशान होते माधवभाई? एक बेंड वर मारो, सिमेंट लगा दो. कोणाला दिसणार हाय?"

खरं सांगायचं तर माझाही हात पिशवीतल्या बेंडकडे, म्हणजे वाकड्या जोडपाइपाकडे गेला होता. पाणी वर चढवून भोकात घालायचं. चालतं ते. जोरात फ्लश केलं तर चारसहा महिने चालतं. मग एक दिवस तुंबतं, आणि तुंबतं त्या दिवशी घरात कोण असतं? गुडघ्याचं ऑपरेशन झालेली एकटी बाई. भोक खाली वाढवावं, तर बाहेरचा आडवा पाइप, उभा पाइप, सगळे क्लॅम्प, सगळंच खाली आणायला हवं होतं. सिमेंटमध्ये घट्ट बसलेलं ते सगळं एका दिवसात निघणार नव्हतं.

मी बाहेरच्या खोलीत गेलो. सिस्टरबाई खुर्चीवर बसून मेथी निवडत होत्या.

"बाई, माझं माप चुकलं."

त्यांनी वर बघितलं. टोचताना हलून सुई मोडणाऱ्या पेशंटकडे नर्स बघते तसं, न रागावता.

"किती चुकलं?"

"दीड इंच. भांडं खाली गेलं, भोक वर राहिलं."

"मग भांडं वर उचलता येत न्हाई का?"

"येतं. खाली ओटा करून. पण तुम्हाला उंच पडंल. एका घरात मी असंच केलं होतं, आजोबांचे पाय लोंबकळायचे."

बाईंनी मेथी बाजूला ठेवली आणि भिंतीला धरत धरत नहाणीत आल्या. म्हणाल्या, "भांड्याखाली काहीतरी घाल. बघू दे." गफूरभाईंनी भांड्याखाली फळ्या सरकवल्या, दोन इंच उंची झाली. कोरड्या भांड्यावर झाकण टाकून बाई त्यावर बसल्या. आम्ही दोघं पाठ करून उभे राहिलो. का, ते आम्हालाही माहीत नाही. लुगडं नीट होतं, झाकण बंद होतं, पण राहिलो.

"वळा इकडं," बाई म्हणाल्या. "पाय टेकतात माझे. आणि ऐक माधव. डॉक्टरनं मला काय सांगितलंय? ऑपरेशननंतर खाली वाकून बसायचं न्हाई, उंच बसायचं. लोक वरून प्लास्टिकची गादी घेऊन लावतात उंचीसाठी. तुझी चूक न्हाई झाली, तुला न सांगता बरोबर झालंय."

"बाई, चूक ती चूकच."

"असू दे की. मीबी एकदा एका पोराला उजव्या ऐवजी डाव्या दंडावर लस टोचली होती. लागू पडली."

गफूरभाई एवढे मोठ्यानं हसले की खालून मावशींनी विचारलं, काय झालं. त्याच दुपारी दोन इंचाचा ओटा केला. हिशोब असा झाला की भांड्याचं तोंड आता भोकाच्या अर्धा इंच वर आलं आणि भिंतीतून जायला आपोआप उतार मिळाला. शनिवारभर ओट्याला पाणी मारलं. रविवारी सकाळी भांडं पक्कं केलं, फ्लशची टाकी जोडली, आणि जेवणाच्या वेळेला चाचणी घ्यायची ठरवली.

मी चाचणीला ओल्या कागदाचे बोळे टाकतो. मावशींना ते पटलं नाही.

"कागद तर वाऱ्यानंबी जातोय. त्यानं काय कळणार? बटाटे टाका."

"मावशी, बटाटे?"

"हाव. माझा माल, माझी खिडकी. मला कळू द्या."

त्या परातीतून पाच बटाटे निवडून घेऊन आल्या. चार मध्यम आणि एक चांगला दांडगा. रविवारची खानावळ भरलेली होती. एसटीचे दोन ड्रायव्हर, बाजाराला आलेले शेतकरी, कॉलेजची पोरं. मावशी बटाटे घेऊन वर का गेल्या हे एकाला कळलं आणि पाच मिनिटांत सगळी खानावळ हात धुऊन बोळात. मी चेंबरचं झाकण उघडून तिथं बसलो. वर गफूरभाई आणि सिस्टरबाई. खानावळीच्या खिडकीतून मावशी.

"सोडू का?" गफूरभाई ओरडले.

"सोडा!"

वर खळखळ झाली. पाइपात धडधड आवाज घुमला, आडव्यातून उभ्यात वळला, आणि चेंबरमध्ये पाण्याबरोबर बटाटे टपाटप येऊन पडले. एक. दोन. तीन. पोरं मोठ्यानं मोजत होती. चौथा थोडा मागून आला. मग नुसतं पाणी. मग पाणीही थांबलं.

"पाचवा?" मावशींनी विचारलं.

एक ड्रायव्हर माझ्या खांद्यावरून वाकून चेंबरात बघत होता. माझ्या डोक्यात सगळा पाइप फिरला. भिंतीतला सांधा? वळणातला बेंड? आतून कुठं सिमेंटचा गोळा राहिला? पाइप परत खोलायचा म्हटलं तर आख्खा दिवस.

नेमक्या त्या वेळी बोळाच्या तोंडाशी प्रशांत उभा राहिला. पुण्याहून थेट आला होता, हातात सामान भरायचे रिकामे खोके. वीसपंचवीस माणसं खड्ड्याभोवती माना खाली घालून उभी आहेत एवढंच त्याला दिसलं. त्याच्या हातातले खोके गळाले.

"काय झालं? आई कुठंय? कोण पडलं आत?"

"बटाटा," एक पोरगा म्हणाला.

"सिस्टर वर हायत, ठीक हायत," मी ओरडून सांगितलं. "गफूरभाई! टाकी भरली का? परत सोडा!"

वरून पुन्हा खळखळ. पुन्हा धडधड. आवाज आडव्यातून सरकला, वळणावर क्षणभर अडला असं मला वाटलं, आणि मग भप्प करून तो दांडगा बटाटा चेंबरमध्ये आला आणि माझ्या तोंडावर पाणी उडालं. ते पाणी स्वच्छच होतं, हे मी बायकोला अजून पटवू शकलेलो नाही. बोळात टाळ्या, शिट्ट्या. एवढ्या टाळ्या माझ्या कामाला आधी कधी पडल्या नव्हत्या, पुढंही पडल्या नाहीत. मोठा बटाटा भांड्याच्या आतल्या वळणातच अडून बसला होता, एका टाकीच्या पाण्यात निघाला नव्हता, एवढंच. पाइप माझा निर्दोष होता.

प्रशांत वर गेला. मीही हातपाय धुऊन मागून गेलो. त्यानं भांडं बघितलं, ओटा बघितला, टाइल्सवर बूट घासून बघितले. चांगला मुलगा. त्याला आईला न्यायचं होतं ते प्रेमापोटीच.

"आई, संडास झाला. पण रात्री-बेरात्री काही लागलं तर? तू एकटी."

"एकटी?" सिस्टरबाई म्हणाल्या. "आत्ता खाली किती लोक होते ते बघितलंस का? नुसते बटाटे बघायला आले. मी हाक मारली तर येणार न्हाईत?"

प्रशांत खिडकीशी गेला. खिडकीतून खाली बघत राहिला. खाली पोरं पुन्हा ताटावर बसायला आत जात होती. मावशी ओरडत होत्या, भाकरी गार होऊन राहिल्यात.

"एक वर्ष बघू," शेवटी तो म्हणाला. "जमलं नाही तर मग माझं ऐकायचं."

"बघू," बाई म्हणाल्या. मग माझ्याकडे वळून, "माधव, हे किती वर्षं टिकतंय?"

"तुमच्या-माझ्यापेक्षा जास्त, बाई."

प्रशांतचे खोके मावशींनी कांदे ठेवायला घेतले.

ऑपरेशन लातूरला नीट पार पडलं. दहाबारा दिवसांनी बाईंना घरी आणायचं होतं, तेव्हा भांड्याशेजारी हाताला धरायची दांडी बसवायला मी पुन्हा चाकूरला गेलो. खानावळीतल्या चार पोरांनी बाईंना खुर्चीसकट एकोणीस पायऱ्या चढवून वर नेलं. प्रशांतची बायको सोबत आली होती. ती आणि मावशी दोघी बाईंना धरून नहाणीपर्यंत घेऊन गेल्या. दारात बाई थांबल्या. एक हात दांडीवर ठेवला, दुसऱ्यानं वॉकर सारला आणि म्हणाल्या, "आता दोघीबी बाहेर. माझं मी बघते."

"आई, पडाल," सून म्हणाली.

"न्हाई पडत. जा."

आतून कडी लागली. मी मुकाट्यानं जिना उतरून बोळात आलो. वर थांबणं बरं दिसलं नसतं. पाइपापाशी उभा राहिलो आणि त्यावर तळहात टेकवला. बराच वेळ काही नाही. मावशीही घाईनं खाली आल्या होत्या, खिडकीतून माझ्याकडे बघत होत्या, हातातला भाकरीचा गोळा तसाच.

मग वर खळखळ झाली आणि माझ्या हाताखालून गार पाणी धडधडत खाली गेलं. एका दमात, न अडखळता. वर कडी निघाल्याचा आवाज आला.

"काय ओ मिस्त्री, हात लावून काय बघलालाव?" मावशींनी विचारलं. "काय झालं?"

"काही नाही," मी म्हणालो. "सिस्टरबाईंची तब्येत उत्तम आहे."